उशाशी ओळखीचं माणूस हवं

खुब्याचं हाड मोडलेलं म्हातारं माणूस गावातून परभणीला येतं ते बहुतेक वेळा जीपच्या मागच्या सीटवर आडवं होऊन. पाथरी, पालम, सोनपेठ, जिंतूर, कुठूनही. कुणाचा मोरीत पाय घसरतो, कुणाचा गोठ्यात शेणावरून, कुणाला रात्री लघवीला उठताना उंबरा लागतो. पुढचा क्रम ठरलेला असतो. एक्स-रे, रक्त-लघवी, ईसीजी, पैशाची जुळवाजुळव, ऑपरेशन. ‘बॉल बदलला, सगळं व्यवस्थित झालं’ असं डॉक्टर बाहेर येऊन सांगतात आणि दोन दिवसांचे जागे नातेवाईक पहिल्यांदा पोटभर जेवतात.

मग दुसरी रात्र येते. आजी सलाईनची सुई ओढून काढते. भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणते. कधीच्या काळी वारलेल्या दिराला हाका मारते, म्हशीला पाणी दाखवलं का विचारते आणि उशाशी बसलेल्या पोटच्या लेकाला म्हणते, ‘तू कोणाचा रे?’ लेक व्हरांड्यात येऊन घरी फोन लावतो. ‘माय ओळखीनाच झालीय. काय बी बडबडायली.’

हे चित्र कुण्या एका घरचं नाही. हाडांच्या किंवा पोटाच्या ऑपरेशनच्या वॉर्डात दोन-चार वर्षं काढलेल्या कुठल्याही सिस्टरला ते पाठ असतं. तरीही दर वेळी घरचे हादरतात, कारण त्यांना आधी कुणी काही सांगितलेलंच नसतं. मग ज्याला जसं सुचेल तसा तो अर्थ लावतो. एक म्हणतो भूल डोक्यात गेली. दुसरा म्हणतो वात झाला. गावाकडून आलेली चुलती हळूच म्हणते, बाहेरचं काहीतरी दिसतंय, दवाखान्यात काय कमी माणसं मेलीत का. अंगारा येतो, लिंबू येतं. आणि एखादा सरळ म्हणून टाकतो, म्हातारीला वेड लागलं.

यातलं काहीच झालेलं नसतं. डॉक्टरी भाषेत याला डेलिरियम म्हणतात. मराठीत तीव्र संभ्रम म्हणता येईल. तो अचानक येतो, तासातासाला बदलतो, सकाळी माणूस शहाण्यासारखं बोलतं आणि दिवेलागणीला पुन्हा भरकटतं. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं हळूहळू चढतो. हा एका रात्रीत चढतो आणि बहुतेकांचा उतरतोही. पण सगळ्यांचा दोन दिवसांत उतरतो असं नाही. काहींना आठवडे लागतात. ज्याला तो झाला त्याचा दवाखान्यातला मुक्काम वाढतो, पुन्हा पडण्याचा धोका वाढतो, पुढे स्मृतिभ्रंशाची शक्यता वाढते आणि काही जण पहिल्यासारखे चालते-फिरते होतच नाहीत. म्हणजे हाड जुळतं, पण माणूस घरी परततं ते वेगळंच होऊन. आणि मुद्दा हा की यातला बराच संभ्रम टाळता येतो. त्याला महागडं यंत्र लागत नाही, नवं औषध लागत नाही.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे इथल्या माणसाच्या तोंडी कायम असतं. या एका बाबतीत त्या जर्मनीकडे जरूर पाहावं. तिथल्या आरोग्यसेवेचे नियम ठरवणाऱ्या संयुक्त समितीने २०१७ साली रुग्णालयं आणि विमा संस्था यांच्यातल्या दर्जा-करारांसाठी चारच विषय निवडले. त्यातला एक होता वृद्ध रुग्णांमधला ऑपरेशननंतरचा संभ्रम टाळणं. म्युन्स्टर शहरातल्या सेंट फ्रान्सिस्कस रुग्णालयात वृद्धांची शुश्रूषा शिकलेल्या बायका म्हाताऱ्या पेशंटसोबत थेट ऑपरेशन थिएटरात जातात, हात धरून बसतात, बोलत राहतात. एवढा श्रीमंत देश, आणि त्याने पैसा कशासाठी मोजला, तर ऑपरेशनच्या वेळी म्हाताऱ्या माणसाचा हात धरायला.

हे शहाणपण तसं जुनं आहे, आणि त्याची एक गोष्ट मोतीबिंदूशी जोडलेली आहे. आज मोतीबिंदूचं शिबिर म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी गॉगल लावून परत. पूर्वी तसं नव्हतं. ऑपरेशन झालं की दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलवायचं नाही, दिवसच्या दिवस उताणं पडून राहायचं. अशा काळोखात पडलेली म्हातारी माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागत, पट्ट्या ओरबाडून काढत, पलंगावरून उतरून चालू लागत. डॉक्टरांनी त्याला ‘काळ्या पट्टीचा संभ्रम’ असंच नाव दिलं होतं. १९५८ साली अ‍ॅव्हरी वाइसमन आणि थॉमस हॅकेट या बोस्टनच्या मनोविकारतज्ज्ञांनी त्यावर एक निबंध लिहिला. त्याचा गाभा असा, की पेशंटजवळ बसून त्याच्याशी बोललं, तो कुठे आहे, काय झालंय, आवाज कशाचा येतोय हे पुन्हा पुन्हा सांगितलं, तर हा संभ्रम आवरतो आणि टाळताही येतो. पुढे पट्टी एकाच डोळ्याला बांधू लागले, पेशंटला लवकर उठवू लागले आणि हा प्रकार पुस्तकापुरता उरला.

डोळे झाकले, कान बंद केले, ओळखीचा आवाज काढून घेतला, झोप मोडली आणि वर अंग दुखत ठेवलं, तर कुणाचंही डोकं भिरभिरेल. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या मेंदूकडे शिल्लक कमी असते, इतकंच. आता आपल्याकडे काय होतं ते पाहा. थिएटरात नेण्यापूर्वी चष्मा काढून घेतात. कवळी काढतात. कानाचं यंत्र असेल तर तेही. दागिने काढावे लागतात, ते बरोबरच. ही सगळी पुरचुंडी नातेवाइकाच्या हाती येते, तो ती पिशवीत घालतो आणि पिशवी जाते घरी, कारण दवाखान्यात चोरीची भीती. पुढचे चार दिवस आजीला समोर कोण उभं आहे ते दिसत नाही, काय बोलतात ते ऐकू येत नाही आणि दातांशिवाय भाकरीचा तुकडा चावत नाही. वॉर्डातला पांढरा ट्यूबलाइट रात्रंदिवस जळतो. दिवस कुठला, रात्र कुठली, कळायला काही मार्ग नाही. आयसीयूत असेल तर ओळखीचा चेहराही नाही. दोन्ही डोळ्यांवरची पट्टी गेली म्हणायची, पण अशा पेशंटपुरती ती आपण दुसऱ्या रीतीने बांधतोच आहोत.

हे नुसतं म्हणणं नाही. मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या शॅरन इनूये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवरचं काम १९९९ साली प्रसिद्ध केलं. तो वॉर्ड मेडिसिनचा होता, सर्जरीचा नव्हे. दिवस-वार-जागा सांगत राहणं, रात्री औषधाविना झोप लागेल असं पाहणं, लवकर चालवणं, चष्मा-कानयंत्र लावणं, पाणी पाजत राहणं, एवढीच कामं. नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के रुग्णांना संभ्रम झाला, या पद्धतीत ९.९ टक्के. दोन वर्षांनी बोस्टनमध्ये एडवर्ड मार्कँटोनिओ यांनी खुब्याचं हाड मोडलेल्या १२६ वृद्धांवर असाच प्रयोग केला, त्यात वृद्धांच्या डॉक्टरने रोज येऊन पाहायचं होतं. नेहमीच्या पद्धतीत निम्म्या रुग्णांना संभ्रम झाला होता. तो ३२ टक्क्यांवर आला.

परभणीला सर्वांत जवळचा वाटावा असा प्रयोग मात्र तैवानचा. तैपेईच्या राष्ट्रीय तैवान विद्यापीठाच्या रुग्णालयात पोटाची मोठी ऑपरेशनं झालेले ३७७ वृद्ध होते. एका सिस्टरने रोज जाऊन तीन गोष्टी करायच्या: बोलून भान देणं, तोंड स्वच्छ ठेवून खाऊ-पिऊ घालणं आणि उठवून चालवणं. संभ्रम १५.१ टक्क्यांवरून ६.६ वर आला, मुक्काम सरासरी दोन दिवसांनी कमी झाला. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. बोलणं, भरवणं, चालवणं. आपल्याकडच्या कुठल्याही सुनेला, लेकीला, नातवाला जमतील अशीच ही कामं.

इथेच आपली बाजू वरचढ आहे आणि आपण ती वाया घालवतो. येलच्या उपक्रमात पेशंटच्या उशाशी बसायला स्वयंसेवक गोळा करावे लागले, त्यांना शिकवावं लागलं, पाळ्या लावाव्या लागल्या. परभणीत एका पेशंटमागे चार माणसं आधीच हजर असतात. डबा घेऊन, सतरंजी घेऊन, गावाकडचं काम टाकून आलेली. आपण त्यांना काय काम देतो? औषधाची चिठ्ठी हातात देतो आणि म्हणतो, ‘बाहेर थांबा.’ बाहेर थांबून थांबून त्यांची पाळी येते ती भेटायच्या वेळेत, आणि तेव्हा दहा जण एकदम आत शिरतात, रडतात, एकमेकांना फोन लावून देतात. पेशंटला एरवी एकही माणूस मिळत नाही, आणि मिळतात तेव्हा जत्रा. याच्या बरोबर उलट हवं. गर्दी बंद, पण ओळखीचं एक माणूस कायम आत, पाळीपाळीने.

संसर्गाचं काय, असं डॉक्टर विचारतील. रास्त प्रश्न आहे. हात धुतलेलं, चपला बाहेर काढलेलं, गाऊन घातलेलं एकच माणूस आणि संध्याकाळची दहा जणांची झुंबड, यात धोका कशाचा जास्त, याचं उत्तर मात्र अवघड नाही. दुसरी अडचण मनुष्यबळाची. सरकारी वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात हे पाहिलेल्या माणसाने तिच्यावर आणखी एक काम टाकू नये. म्हणूनच हे काम नातेवाइकाला शिकवून द्यायचं. खरं तर सुई ओढणारा, पलंगावरून उतरू पाहणारा एक पेशंट सगळ्या वॉर्डाची रात्र खातो. तो संभ्रम टळला तर हलकं होतं ते सिस्टरचंच ओझं.

भाषेचा मुद्दा कुणी बोलत नाही. पालमच्या म्हाताऱ्याला नांदेडला हलवलं, जिंतूरच्या तांड्यावरच्या आजीला हैदराबादला नेलं, तर शुद्धीवर येताना कानावर पडणारी भाषा कुठली असते? जी जन्मभर गोरमाटीच बोलली, तिला तेलुगू वळणाच्या हिंदीत ‘आंखे खोलो’ म्हटलं तर ती कुठल्या जगात आली असं तिला वाटेल? पाथरी-परभणीतल्या मुसलमान घरातल्या दादीला घरची दखनी हवी. भान देणं म्हणजे तारीख सांगणं नव्हे. ‘माय, मी आहे. आपण परभणीत आहोत, दवाखान्यात. काल तुझ्या पायाचं ऑपरेशन झालं. आज गुरुवार आहे, सकाळचे आठ वाजलेत, बाहेर पाऊस आहे.’ हे वाक्य तिच्या बोलीत, तिच्या माणसाने, दिवसातून दहा वेळा म्हणायचं. घरी रोज आकाशवाणी परभणी लागत असेल तर सकाळी मोबाइलवर हळू आवाजात तेच लावावं. ती चुकीचं बोलली तर वाद घालू नये, हसू नये, आणि ‘हो, दीर आलेत’ असंही म्हणू नये. ‘घाबरू नको, मी इथंच आहे’ पुरतं.

आता डॉक्टरांच्या वाट्याचं. ‘रात्री बारापासून पाण्याचा थेंबही नाही’ ही सूचना अजून सर्रास दिली जाते, आणि केस थिएटरात जाते दुपारी तीनला. मे महिन्यात, पारा त्रेचाळीसच्या पुढे असताना. जगभरातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटना साधं पाणी भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं असं सांगतात, पोटाची खास अडचण नसेल तर. पेशंटनिहाय निर्णय भूलतज्ज्ञाचाच. पण तो त्याने घ्यावा, वॉर्डातल्या सवयीने नव्हे. अंग सुकलेला म्हातारा संभ्रमाच्या दारात उभाच असतो.

औषधांचंही तसंच. खाज सुटली, रक्त चढवायचंय, झोप येत नाही, की फेनिरामाइन किंवा प्रोमेथाझिनचं इंजेक्शन. तरुणाला त्याने गुंगी येते. म्हाताऱ्याच्या मेंदूला ही जुन्या पिढीची अ‍ॅलर्जीची औषधं सोसत नाहीत. डायझेपाम-लोराझेपामसारखी झोपेची औषधंही संभ्रम वाढवतात. पण दुखणं दाबून ठेवणंही तितकंच वाईट. न शमलेलं दुखणं स्वतःच डोकं फिरवतं, म्हणून पॅरासिटामोलसारखं औषध वेळच्या वेळी द्यायला हवं, मागितल्यावर नव्हे. लघवीची नळी गरज संपताच काढावी. पोट साफ होतंय का ते विचारावं. आणि हात पलंगाला बांधणं, हे तर शेवटचा उपाय म्हणूनही टाळावं. बांधलेलं माणूस आणखी घाबरतं, आणखी झटापट करतं. संभ्रम झाल्यावर इंजेक्शन देऊन तो हटवू म्हणावं तर तेही जमत नाही. अमेरिकेत अतिदक्षता विभागांतल्या ५६६ रुग्णांवर हॅलोपेरिडॉल आणि तशाच दुसऱ्या औषधाची चाचणी झाली, २०१८ साली निकाल आला. नुसत्या सलाईनपेक्षा फरक पडला नाही. म्हणून सगळा भर आधीच्या काळजीवर.

‘भूल डोक्यात गेली’ या समजुतीचंही उत्तर मिळालेलं आहे. मणक्यात इंजेक्शन दिलं तर डोक्याला त्रास नाही, असं नातेवाईक धरून चालतात, कधी त्यासाठी डॉक्टरांशी भांडतात. खुब्याचं हाड मोडलेल्या १,६०० रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात याची तुलना झाली. २०२१ साली आकडे आले: मणक्यातल्या भुलेनंतर संभ्रम २०.५ टक्के, पूर्ण भुलेनंतर १९.७. फरक नाही म्हणावा इतका कमी. खापर एकट्या भुलेवर फोडून चालणार नाही. आधीचे आणि नंतरचे दिवस कसे गेले, याचा वाटा मोठा.

घरच्यांनी लपवू नये अशी एक गोष्ट आहे. आजोबा रोज घेतात का? मराठवाड्यातल्या किती तरी घरांत हा प्रश्न विचारला की सून खाली बघते आणि मुलगा म्हणतो, ‘कधीमधी.’ रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांनी हातपाय थरथरतात, भास होतात, झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. हा वेगळा, तातडीचा प्रकार आहे आणि त्याचे उपचारही वेगळे. इथे ती एरवी टाळायची झोपेची औषधंच लागतात. डॉक्टरला आधी माहीत असेल तर तयारी होते. तसंच मिश्रीचं. दिवसातून चार वेळा मिश्री लावणाऱ्या आजीची तंबाखू ऑपरेशनच्या दिवशी अचानक बंद होते आणि तिची तगमग कशाने होतेय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बाई तंबाखू खाते हे सांगायची लाज वाटते, एवढंच कारण.

आणि सगळ्यात फसवा संभ्रम ओरडत नाही. तो गप्प असतो. ‘आजी शांत झोपल्यात, त्रास नाही’ असं सगळे समाधानाने सांगतात आणि आजी खरं तर अर्धवट भानावर असते, हाक मारली तर उशिरा बघते, घास तोंडात तसाच राहतो. हा प्रकार निसटतो तो यामुळेच. त्यामागे प्राणवायू कमी होणं, सोडियम घसरणं, जंतुसंसर्ग, लघवी तुंबणं यांपैकी काहीही असू शकतं. रोजच्यापेक्षा माणूस वेगळं वाटतंय, हे पहिलं कुणाला कळतं? सिस्टरने तिला परवा पाहिलेलं असतं. लेकीने जन्मभर. ‘माझी आई अशी नसते’ हे लेकीचं वाक्य तपासणीच्या निकालाइतकं गांभीर्याने घ्यायला हवं.

एडिनबरोच्या अलास्डेअर मॅकलुलिच यांनी त्यासाठी दोन मिनिटांची एक चाचणी तयार केली, फोर-ए-टी नावाची. पेशंट जागा कितपत आहे ते पाहायचं. वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू साल विचारायचं. महिने उलटे म्हणायला सांगायचे. आणि नातेवाइकाला विचारायचं, की हा बदल अचानक झालाय का. आता गंगाखेड तालुक्यातल्या ऐंशी वर्षांच्या निरक्षर आजीला जन्मतारीख विचारून काय मिळणार? आधार कार्डावर एक जानेवारी असते, तीही कुणीतरी अंदाजाने टाकलेली. डिसेंबर, नोव्हेंबर तिच्या तोंडी नसतात; पण फाल्गुन, माघ, पौष ती म्हणेल, आणि वार तर सुलटे-उलटे दोन्ही येतील. पोळा होऊन गेला की व्हायचाय? आज एकादशी जवळ आहे का? घरात लेकरं किती? असे प्रश्न या मातीतले. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये १९९०च्या दशकात न शिकलेल्या हिंदी भाषक वृद्धांसाठी स्मरणशक्तीची चाचणी अशीच नव्याने बेतली गेली होती. मराठवाडी वळणाची अशी प्रश्नावली परभणीत का होऊ नये?

२०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालय त्याला जोडलेलं आहे, विद्यार्थी आहेत. ही प्रश्नावली तयार करणं, ती वॉर्डात लावून पाहणं आणि किती वृद्धांना संभ्रम होतो ते वर्षभर मोजणं, हे त्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम काम ठरेल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतोच. कागदपत्रं घेताना त्याने साठीपुढच्या पेशंटच्या घरच्यांना एक छापील चिठ्ठी द्यावी, वाचता येत नसेल तर वाचून दाखवावी: चष्मा, कवळी, कानाचं यंत्र सोबत आणा, नावाची पट्टी लावून सिस्टरकडे द्या, शुद्धीवर येताच लावा. घरची सगळी औषधं दाखवा. दारू-तंबाखू सांगा. रात्री कोण थांबणार, त्या दोघांची नावं लिहा. दिवसा खिडकी उघडी, रात्री डोक्यावरचा दिवा बंद. डॉक्टर हो म्हणाले की दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवा. चिठ्ठी छापायला किती खर्च येईल?

खासगी दवाखान्यांनाही हे लागू आहे, तिथे तर अडवायला सरकारी आदेशही नाही. आयसीयूच्या दारावरचा ‘आत येण्यास सक्त मनाई’ हा फलक बदलून ‘एका वेळी एक, हात धुऊन’ असं लिहिणं मालक-डॉक्टरच्या हातात आहे. भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि महालक्ष्मी किंवा कालनिर्णय दिनदर्शिकेचं पान पेशंटला दिसेल असं लावणंही.

एक ओळ मात्र डिस्चार्ज कार्डावर हवीच, आणि ती आज क्वचितच दिसते. कार्डावर ऑपरेशनचं नाव असतं, रॉडचा किंवा बॉलचा आकार असतो, टाके कधी काढायचे ते असतं. ‘ऑपरेशननंतर तीन दिवस संभ्रम होता’ हे नसतं. एकदा झालेल्याला पुन्हा होण्याची भीती जास्त असते. दोन वर्षांनी तीच आजी दुसऱ्या खुब्यासाठी, किंवा पित्ताशयासाठी, दुसऱ्या गावच्या दुसऱ्या दवाखान्यात जाईल आणि तिथल्या भूलतज्ज्ञापुढे तेच कार्ड ठेवलं जाईल, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलेलं.